गावात डौलाचं काम चालते का? माझा हिशोब सांगते

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यातली ताई, वय सत्तावीस, एक लेकरू, नवऱ्याची चार एकर कोरडवाहू. तिनं पंधरा हजार भरून डौलाचा, म्हणजे बाळंतपणात बाईजवळ राहून धीर देणाऱ्या सोबतिणीचा, ऑनलाइन कोर्स केला, सर्टिफिकेट आलं, आता आठ महिने झाले तरी एक गिऱ्हाईक नाही. दवाखान्यात सिस्टर आत येऊ देत नाही, गावची आशाताई तोंड फिरवते, सासू म्हणते हे काम आपल्या घरातल्या बाईचं नाही. फी किती ठेवू, बोर्ड लावू का, लोन काढून स्कुटी घेऊ का, असं तिचं विचारणं आहे.

ताई, पहिले हे सांगते की तुमचं काही चुकलं नाही, कोर्सवाले पुण्या-मुंबईच्या हिशोबानं शिकवतात. तिथं नवरा-बायको दोघंच फ्लॅटमध्ये, आई परगावी, सासूचे गुडघे दुखतात, म्हणून हात धरायला माणूस पैसे देऊन बोलवावं लागते. आपल्याकडं एका बाळंतपणाला दवाखान्याच्या व्हरांड्यात नऊ जणं सतरंजी टाकून डब्बा घेऊन बसलेले असतात. त्यांना तुम्ही म्हणाल की मी सोबत करते, तीन हजार द्या, तं ते तुमच्याकडं असे पाहतील जसं काही विहिरीचं पाणी लिटरनं विकून राहिली.

मी आर्वीकडच्या एका खेड्यात राहते, वर्धा जिल्हा, अकरा-बारा वर्षं झाली या कामाला, आणि पहिले तीन वर्षं मी पण तेच केलं जे तुम्ही करून राहिल्या. मग हळूहळू ध्यानात आलं की आपल्या भागात कळांच्या रात्रीचे पैसे कोणी खुशीनं देत नाही, सव्वा महिन्याचे देतात. रात्रीनं नाव होते, सव्वा महिन्यानं घर चालते. फी, बोर्ड, आशाताई, सगळ्याचं उत्तर माझ्याकडं यातूनच निघालं.

बोर्डाचं आधी उरकते. डौला हा शब्द बोर्डावर लिहू नका. मूळ ग्रीक शब्द आहे, जुना अर्थ दासी, मोलकरीण असा काहीतरी, बाळंतपणातली सोबत हा अर्थ अमेरिकेत 1970 च्या आसपास लागला, आणि तिथं या बायांची डोना नावाची मोठी संघटना 1992 साली निघाली. हे सगळं आपल्याला माहीत असावं, गावाला सांगायची गरज नाही. मी सुरुवातीला एका बुढीला सांगितलं की मी डौला आहे, तं ती म्हणे, "डोला तं मोहरमात निघते ना वं बाई?" तवापासून मी 'बाळंतपणातली सोबत आणि बाळंतीण-बाळाची देखभाल' एवढंच म्हणते. माझा बोर्ड कधीच नव्हता, गावात बाळंतिणीच्या खोलीतली गोष्ट बोर्ड वाचून कोणी ठरवत नाही.

आता गिऱ्हाईक कोण ते पाहू, कारण इथं मी सगळ्यात जास्त वेळ वाया घालवला. मी गावातल्या सुनांकडं जात होते. पोट दिसलं की गेली, ओळख काढली, चार गोष्टी सांगितल्या, पोरगी खूश, सातव्या महिन्यात ओटी भरली आणि पोरगी गेली माहेरी, वरूडला नाही तं कारंज्याला. माझी सगळी मेहनत दुसऱ्याच तालुक्यात! पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत अजून चालू आहे आणि पहिलटकरीणच जास्त घाबरलेली असते, तिलाच आपली गरज. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक गावची सून नाही, गावची लेक आहे, जी सध्या गावात नाहीच, लग्न होऊन अकोल्याला किंवा नागपूरला आहे आणि दोन महिन्यांनी येणार आहे. आणि ठरवणार कोण? तिची माय. पैसे कोण देणार? तिचा बाप. जावई फक्त फोनवर विचारते झालं का, झालं का. म्हणून मी आता पोरींच्या मागं लागत नाही, मायांशी बोलते, बचत गटाच्या मीटिंगमध्ये, लग्नात, निंदायला गेल्यावर धुऱ्यावर बसून. "तुमच्या पोरीला कितवा लागला" एवढं विचारलं की पुढचं सगळं ती माय स्वतःच सांगते.

बापाचं पण लक्षात ठेवा. तो पैसे देते पण त्याच्या हाती पैसा कवा असते, सोयाबीन निघालं की आणि कापूस विकला की, म्हणजे दिवाळीच्या आगंमागं पासून होळीपर्यंत. जून-जुलैत सगळं बियाण्यात आणि खतात गेलेलं असते, त्या दिवसात पूर्ण रक्कम मागाल तं माणूस चांगला असून पण खोटा पडते. मी अशा घरी तीन हप्ते करते आणि शेवटचा हप्ता दिवाळीनंतर. बुडाले का, बुडाले, दोनदा. दोन्ही घरं आमच्या नात्यातली होती, बाकी तुम्ही समजून घ्या.

हिशोब आता, कारण तुम्ही तेच विचारलं. माझे दोन भाग आहेत. एक, डिलिव्हरीच्या आधी तीन भेटी आणि दवाखान्यातली सोबत मिळून 3000. दोन, सव्वा महिना रोज सकाळी घरी जाऊन बाळंतिणीची मालिश, बाळाची मालिश-आंघोळ, दूध पाजण्याची मदत, दिवसाचे 250, चाळीस दिवसांचे 10000. एका सकाळी दोन घरं होतात, तिसरं घेतलं की हात भरून येतात आणि बाळाला उन्हं वर आल्यावर आंघोळ पडते, म्हणून घेत नाही. वर्षात सव्वा महिन्याची अकरा-बारा घरं मिळतात, म्हणजे लाख-सव्वा लाख. रात्रीच्या सोबती चौदा-पंधरा होतात, त्यातल्या दहाचे पैसे येतात, बाकीच्यात साडी-चोळी आणि शिधा येते. माझ्या कपाटात साड्या पाहाल तं वाटेल दुकान आहे. पेट्रोल आणि फोन धरून वर्षाला वीस-पंचवीस हजार जातात. नोकरीसारखं नाही, पण निंदणाच्या रोजीपेक्षा बरं आहे.

साडीवर काम निघू नये म्हणून एकच इलाज, पहिल्या भेटीतच वहीत लिहायचं. मी दोनशे पानी वही ठेवते, त्यात तारीख, ठरलेले पैसे, कवा किती देणार, आणि खाली मायची किंवा बापाची सही. लाज वाटते सुरुवातीला, मलाही वाटली. पण लिहिलेलं नसलं की बारशाच्या दिवशी तुमच्या ओटीत खण-नारळ पडते, सगळ्या बायांसमोर कुंकू लावतात, आणि त्या कुंकवानंतर पैसे मागायला जीभ उचलत नाही. एक अजून, पोरीच्या खात्यात मातृवंदना योजनेचे पैसे येतात, पहिल्या लेकराला 5000, दुसरं लेकरू मुलगी असली तं 6000, त्या पैशावर आपली फी लावू नका, ते तिच्या खाण्यापिण्याचे आहेत आणि हप्ता कवा पडेल याचा भरवसा नसते.

शहरातल्या काही डौला म्हणतील की मालिश हे डौलाचं काम नाही. नसेल. माझ्याकडं तेच काम दार उघडते, आत गेल्यावर बाकीचं करता येते.

आता माझी चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करू नका. चौथ्या वर्षी एका घरी मी बोलून बसली की मी असली म्हणजे नॉर्मलच होईल, काळजी करू नका. कोर्समध्ये शिकवलं होतं ना की सोबत असली की सिझेरियन कमी होते. ते खोटं नाही. 2017 साली कॉक्रेनवाल्यांनी (जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) 17 देशांतले 26 अभ्यास एकत्र करून पाहिले, पंधरा हजारांवर बाया, त्यात हेच निघालं की कळांमध्ये सतत कोणी जवळ असलं तर नॉर्मलचं प्रमाण थोडं वाढते, सिझेरियन थोडं कमी होते, कळांचा वेळ थोडा आखूड होते. पण ते हजारो बायांचं मिळून आहे, समोरच्या एका पोरीचं नाही. त्या पोरीच्या बाळाचे ठोके कमी झाले, डॉक्टरनं बरोबर निर्णय घेतला, बाळ-बाळंतीण चांगली राहिली. पण सिझेरियन झालं म्हणून बापानं पैसे दिले नाहीत, वरून गावभर सांगितलं की ही बाई म्हणे नॉर्मल करून देते. चार महिने कोणी बोलावलं नाही मला. तवापासून मी 'नॉर्मल' हा शब्द विकत नाही. सोबत विकते. नॉर्मल झालं तरी तेवढेच पैसे, सिझर झालं तरी तेवढेच, हे पण वहीत लिहिते. उलट सिझरवालीला सव्वा महिन्यात आपली जास्त गरज, तिला कुशीवर वळता येत नाही, टाक्यावर बाळ ठेवता येत नाही, काखेखालून बाजूनं धरून पाजायला शिकवावं लागते, आणि तिच्या पोटाला मालिश करायची नसते हे घरच्या बुढीला दहादा सांगावं लागते.

दवाखान्याचं. सिस्टर आत येऊ देत नाही यात तिचा राग धरू नका, तिच्याकडं एका रात्रीत चार-चार बाया असतात आणि तुम्ही कोण हे तिला ठाऊक नाही. नियम आपल्या बाजूनं आहे पण अर्धाच. केंद्र सरकारनं 2016 मध्ये सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण आत राहू द्या असं सांगितलं, सरकारी प्रसूतिगृहं सुधारायच्या 2017 च्या लक्ष्य कार्यक्रमात पण ते आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये तेच म्हणलं की बाईच्या पसंतीचं माणूस जवळ असू द्या. पण आपल्या सरकारच्या कागदात 'नातेवाईक स्त्री' लिहिलं आहे, शक्यतो जिचं स्वतःचं बाळंतपण झालं आहे अशी, एकच, कपडे स्वच्छ, सर्दी-खोकला-ताप नाही, सिस्टरच्या कामात हात घालायचा नाही, दुसऱ्या बाईकडं जायचं नाही. म्हणजे तुम्ही आत गेल्या की माय बाहेर. हे मायला आधीच सांगून ठेवा, नाही तं ऐन वेळी ती रडते, पोरगी रडते आणि सिस्टर दोघींना बाहेर काढते. माझ्याकडं असं असते की दुपारपर्यंत माय आत, कळा जोरावर आल्या की मी आत, बाळ झाल्यावर परत माय.

आणि सिस्टरची ओळख कळांच्या रात्री होत नसते. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, त्या दिवशी पोरीसोबत जा, लाइनीत बसा, तिची फाइल सांभाळा, बीपी-हिमोग्लोबिन किती निघालं ते सिस्टरला नीट विचारा. तीन महिने असं तुमचं तोंड दिसलं की चौथ्या महिन्यात तीच हाक मारते. मी एका दवाखान्यात (नाव नाही सांगत) सुरुवातीच्या काळात नियमाचा कागद मोबाइलवर काढून दाखवला होता. मला आत घेतलं त्या रात्री, आणि नंतर दोन वर्षं त्या वॉर्डात माझ्याकडं कोणी पाहिलं सुद्धा नाही.

पैशाची गोष्ट निघाली तं हे पण. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार 2011 पासून डिलिव्हरी, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जाणं-येणं फुकट आहे, जेवण पण नॉर्मलला 3 दिवस आणि सिझरला 7 दिवस. तरी काही ठिकाणी पोरगा झाला की पेढ्याचे पैसे मागतात. घरच्यांना नियम आधी सांगून ठेवा, वॉर्डात भांडू नका, भांडायचं असलं तं सुट्टी झाल्यावर अर्ज करा.

आशाताई. ताई, तिच्या जागी बसून पहा. जननी सुरक्षा योजनेत खेड्यातल्या डिलिव्हरीमागं तिला 600 रुपये मिळतात, 300 आधीच्या तपासण्यांचे आणि 300 दवाखान्यात नेण्याचे. मग बाळ झाल्यावर घरी सहा भेटी, 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी, त्याचे 250. तुम्ही सर्टिफिकेट घेऊन मधात आल्या की तिला वाटते हे गेले. मी आमच्या आशाताईला सरळ जाऊन सांगितलं की रजिस्टर तुझं, गाडी तू बोलव, नाव तुझं, मी रात्री बसते, तू घरी जाऊन झोप. ती सुरुवातीला हसली पण नाही. एका रात्री तिच्या स्वतःच्या पोराला ताप होता आणि मी तिच्या केसजवळ सकाळपर्यंत बसली, तवापासून माझी अर्धी घरं तीच सांगते. तिच्या भेटीचा दिवस असला की मी बाळाची आंघोळ थांबवून ठेवते, तिला वजन करायचं असते. हे जे घरी जाऊन बाळ पाहणं आहे ना, ते आपल्या विदर्भातूनच निघालं, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळं घरी सांभाळून दाखवली, 1999 मध्ये ते लॅन्सेट या डॉक्टरांच्या मोठ्या मासिकात छापून आलं आणि मग देशभर आशांकडं गेलं. मी आशाताईला हे सांगितलं तं ती दोन दिवस ऐटीत होती.

एक रात्र सांगते, म्हणजे काम काय असते ते कळेल. मे महिना, दीड वाजला असेल, लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर एक पंखा. पोरीला सगळ्या कळा पाठीत, बाळाची पाठ आईच्या पाठीकडं असली की बहुतेक वेळा असं होते, बाई वाकडी होऊन जाते. माय तिच्या तोंडावर पाणी मारत होती आणि सोबत रडत होती. नवरा बाहेर खर्रा घोटून राहिला होता, दुसरं काय करणार बिचारा. मी पोरीला उठवलं, खाटेचा दांडा धरून पुढं वाकवलं आणि कळ आली की तळहाताचा मनगटाजवळचा भाग माकडहाडाच्या जरा वर लावून दाबलं, कळ गेली की सोडलं. जोर किती, तं कणीक तिंबताना लावतो तेवढा नाही, कापूस गाडीत दाबून भरताना लावतो तेवढा. ती ओरडली, मला वाटलं दुखलं, तं म्हणे, "काकू अजून दाबा ना वं." दीड तास. माझं मनगट दुसऱ्या दिवशी भाकर थापायच्या कामाचं नव्हतं. श्वासाला मी सांगते की चूल पेटत नसली की फुंकणीनं कशी लांब फुंकर मारतो तशी मार. त्या पोरीच्या घरी लहानपणापासून गॅस, फुंकणी पाहिलेलीच नाही, मग म्हणलं चहा थंड कर, बशीतला. ते जमलं. मधात मधात एक एक घोट पाणी, सिस्टरला विचारून, आणि दर तासाला लघवीला उठवायचं, भरलेलं मूत्राशय बाळाचा रस्ता अडवते हे कोणाच्या लक्षात राहत नाही. पावणेसहाला बाळ झालं. सिस्टर जाता जाता म्हणे, काकू आता त्या चार नंबरवालीजवळ पण बसा ना जरा. मी म्हणलं सिस्टर, तुमच्याच कागदात लिहिलं आहे की दुसऱ्या बाईकडं जायचं नाही, तुम्ही लिहून द्या. दोघी हसलो. त्या रात्रीची कमाई एक साडी आणि अर्धा किलो पेढे. पण त्या सिस्टरनं पावसाळ्यात दोन घरं पाठवली, दोन्ही सव्वा महिन्याची.

काय करायचं नाही ते कोर्समध्ये सांगितलं असेल, तरी सांगते कारण गावात लोक ढकलतात. आतून तपासायचं नाही. सलाइन, इंजेक्शन, गोळी नाही. घरी डिलिव्हरी करून द्या म्हणाले, नाही. गावात कोणी कळा वाढवायचं इंजेक्शन घरीच टोचून देत असलं तं तिथून पोरीला उचलून दवाखान्यात न्या, त्यानं पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकते. मुलगा की मुलगी कुठं पाहून मिळेल असं विचारलं तं त्या घरचं कामच सोडा, 1994 चा कायदा आहे, जेल आहे, आणि नाव तुमचंच घेतील. डोकं ठणकणं, डोळ्यापुढं अंधारी, तोंडावर सूज, झटके, अंगावरून रक्त, बाळाची हालचाल कमी, हिरवट पाणी, यातलं एक जरी दिसलं तं तेल-बिल बाजूला, 108 लावा. बाळ झाल्यावर तासाभरात एक पॅड पूर्ण भिजलं तरी तेच. पावसाळ्यात नाला भरला की गाडी येत नाही, म्हणून ज्यांच्या गावाला पूल नाही त्यांना मी तारखेच्या आठ दिवस आधी तालुक्याच्या गावी नातेवाइकाकडं राहायला लावते. मेळघाट-गडचिरोलीत काही आरोग्य केंद्रांजवळ याच्यासाठी माहेरघर आहेत, आपल्याकडं मावशीचं घर शोधावं लागते.

सिकलसेलचं (आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार) पहिल्याच भेटीत विचारा, आपल्या भागात पुष्कळ आहे. नुसती वाहक असली तं वेगळं, पण पोरगी स्वतः रुग्ण असली तं तिला साध्या केंद्रात ठेवू नका, मोठ्या दवाखान्यात, आमच्याकडून सेवाग्राम, जिथं रक्त आणि डॉक्टर चोवीस तास आहेत. अशा पोरीला तहान, थंडी, थकवा काहीही चालत नाही, अंगात पाणी कमी झालं की हाडं दुखायला लागतात. तिच्या घरी सव्वा महिन्यात माझं मुख्य काम म्हणजे तांब्या भरून ठेवणं आणि तो रिकामा झाला का पाहणं.

आणि इथंच बुढ्यांशी गाठ पडते, कारण बाळंतिणीला पाणी कमी द्या, पोट सुटते, असं अजून चालू आहे. भांडून होत नाही. मी म्हणते, "आजी, पाणी नका देऊ, सुंठीचं कोमट पाणी द्या, ओव्याचं द्या." तेच पाणी, पण आजीचं राहते. चीक फेकू नका हे मात्र गोड बोलून नाही, ठाम सांगते, पहिल्या तासात पाजायचंच. मध चाटवायचं नाही. नाळेवर काही लावायचं नाही. नाका-कानात तेल सोडायचं नाही. आणि शेगडी. वैशाखात पंचेचाळीस डिग्रीला दार-खिडकी बंद, खाटेखाली शेगडी, बाळाला टोपरं, लोकरीचं स्वेटर, वरून दुपटं. एका घरी मी गेली तं बाळ लाल, अंग तापलेलं, लघवी सकाळपासून नाही. सगळे म्हणे ताप आला. मी कपडे काढले, शेगडी बाहेर, खिडकी उघडी, मायच्या छातीला लावलं आणि तिथूनच गाडी बोलावली, कारण एवढ्याशा बाळाचा ताप घरी जोखायचा नसते. डॉक्टरनं तपासून सांगितलं, उन्हानं आणि गुंडाळल्यानं झालं, वेळेवर आणलं. त्या आजीनं नंतर स्वतः शेजारच्या घरची शेगडी काढून टाकली, मी सांगितलं असतं तं ऐकलं नसतं तिनं.

एक गोष्ट कोर्सवाले सांगत नाहीत. कधी बाळ राहत नाही. माझ्याकडं अकरा-बारा वर्षांत तीनदा झालं. उरलेले पैसे मी घेत नाही आणि तिसऱ्या दिवशी जाते. त्या घरी तवा कोणी जात नाही, पोरीला कोपऱ्यात निजवून ठेवलेलं असते. पण बाळ नसलं तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा येते, छाती दगडासारखी होते, आणि हे तिला आधी कोणीच सांगितलेलं नसते. मी गार पाण्याचं फडकं ठेवते, फार ठणकलं तं थोडंसं दूध काढून टाकायला सांगते, ताप किंवा लाली दिसली तं दवाखान्यात नेते. बोलायचं काही नसते. बसायचं.

सासूबाईंचं. आमच्या घरी पण हेच होतं. बाळंतिणीचं काम म्हणजे सुईणीचं काम, सुईण कोणत्या समाजाची असायची ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून आपल्या सुनेनं करायचं नाही, एवढीच ती गोष्ट, वर सोहेर-विटाळाचं नाव. माझी सासू मला पाच वर्षं अंगणातच डोक्यावरून पाणी घ्यायला लावत होती, थंडीत पण. मी घेतलं. आंघोळ करायचीच असते बाहेरून आल्यावर, म्हणलं ठीक आहे. पुढं नणंदेचं बाळंतपण अडलं, मी रात्रभर तिच्याजवळ होती, तवापासून सासूच पाणी गरम करून ठेवून राहिली. समाजाची ती गोष्ट तिच्या मनातून गेली का, नाही गेली, मला माहीत आहे.

कागदपत्रांचं फार डोकं नका लावू. डौलासाठी सरकारी लायसन असं काही नाही, तुमचं सर्टिफिकेट घरात लावायला ठीक. नर्स किंवा मिडवाइफ म्हणवून घेऊ नका, त्यांची नोंदणी असते, तो गुन्हा होईल. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) आधार कार्डावर ऑनलाइन होते आणि पूर्ण फुकट आहे, सेतूवाला पाचशे मागते ते त्याच्या टाइपिंगचे. महाराष्ट्रात थोडेच कामगार असले तं गुमास्त्याला (दुकान-धंद्याच्या नोंदणीला) नुसती सूचना द्यावी लागते. जीएसटी 20 लाखांच्या वर, आपल्याला ते स्वप्नात. जोडीदारीण मात्र एक शोधा, कारण दोन पोरींना एकाच रात्री कळा येतात, येतातच, आणि तुमच्या लेकराला पण त्याच रात्री ताप येते. मी पुलगावकडच्या एका बाईसोबत ठरवलं आहे, जी जाईल तिला पैसे, हिशोब तिथंच संपला.

स्कुटीसाठी मुद्राचं शिशु लोन 50000 पर्यंत मिळते, बचत गटातून त्याच्यापेक्षा सोपं पडते. पण आत्ता घेऊ नका. पहिली दोन घरं सव्वा महिन्याची तुमच्या गावातलीच घ्या, पायी जायच्या अंतरावरची, त्या वीस हजारातून जुनी गाडी पहा. सीटखाली जागा मोठी असलेली पहा, तेलाची बाटली आडवी पडली की सांडते, माझी वही दोनदा भिजली आहे आणि एका घरचे बाराशे नेमके त्याच पानावर होते.